उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात मांडलेलं एक पुस्तक

दर जूनमध्ये काही जणांचे मेसेज येतात: बीएफएच्या (ललित कलेच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची निवड आणि मांडणी, हा ऐच्छिक विषय घेऊ का? आणि घेतला तर प्रकल्प देवनागरीत करू की इंग्रजीत? मी २०२३-२४ मध्ये हा विषय घेतला आणि देवनागरीतच काम केलं. त्या वर्षी मला कोणी सगळं क्रमाने सांगितलं असतं तर बरीच धाकधूक वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमच्या वर्गात हा विषय घेणारे अगदी मोजके होतो. बाकीचे जाहिरात मोहीम, इलस्ट्रेशन, फोटोग्राफीकडे गेले. "अक्षरांचं काय करणार वर्षभर?" हा प्रश्न घरीही आला आणि वर्गातही. जून-जुलैमध्ये मलाही उत्तर देता येत नव्हतं, कारण तेव्हा आम्ही संगणकाला हातसुद्धा लावला नव्हता. सरांनी बोरू दिले. देवनागरीचा बोरू रोमनच्या कलमापेक्षा उलट्या बाजूला तिरका कापतात. त्यामुळे जाड-बारीक रेघांचा क्रम बदलतो, आणि देवनागरी अक्षराचा सगळा तोल त्या कापावर ठरतो. आधी दोन आठवडे नुसती शिरोरेखा (अक्षरावरची आडवी रेघ) आणि दंड (उभी रेघ). मग अ, क, झ, ल, श, ह ही अक्षरं बटर पेपरवर वीतभर मोठी काढून ब्रशने भरायची. ल आणि श मुद्दाम होते. मराठीतला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीपेक्षा वेगळा दिसतो, आणि २०२२च्या शासन निर्णयातही तीच रूपं दिली आहेत. बाजारातल्या पुष्कळ फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळण मुळातच बसवलेलं असतं. हाताने ही अक्षरं काढली नसती तर पुढे फॉन्ट निवडताना हा फरक माझ्या डोळ्यांना दिसलाच नसता.

ऑगस्टमध्ये एकपानी सराव सुरू झाला. एकच गद्य उतारा, एकच फॉन्ट, ए५ आकार. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची: कधी ओळींमधलं अंतर, कधी ओळीची लांबी, कधी समास. सगळी पानं भिंतीवर लावून लांबून बघायची आणि मग उलटी टांगून पुन्हा बघायची. उलट्या पानावर शब्द वाचले जात नाहीत, नुसता करडा पोत दिसतो. तो कुठे दाटतो आणि कुठे विरळ होतो, ते लगेच कळतं.

इथे मला पहिल्यांदा या विषयाची खरी गोडी लागली. टायपोग्राफीची बहुतेक पुस्तकं रोमन लिपीसाठी लिहिलेली आहेत. दहा पॉइंटाच्या अक्षराला बारा पॉइंटाची ओळ (पॉइंट हे छपाईतलं माप), असा हिशेब त्यात असतो. देवनागरीत तो चालत नाही. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार बसतात, पायाशी उकार लोंबतात, आणि ट्ठ, ङ्क यांसारखी जोडाक्षरं खाली उतरतात. वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना भिडले की वाचणारा अडखळतो. अक्षराच्या दीडपट किंवा त्याहून थोडं जास्त अंतर दिलं की पान मोकळं होतं. माझं मत तेव्हाच पक्कं झालं आणि अजून तेच आहे: मराठी पुस्तक मांडताना ओळींमधली जागा सगळ्यांत आधी ठरवावी. फॉन्टचा आकार, पानाचा आकार, पानावरच्या ओळींची संख्या हे सगळं तिच्या मागून येतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात घ्या. फॉन्टच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका फॉन्टचं बारा पॉइंट दुसऱ्याच्या चौदाएवढं दिसू शकतं. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि ती सारखी करून मगच दोन फॉन्टची तुलना करा.

सप्टेंबरमध्ये १६ पानी पुस्तिका होती: एका फॉन्टचा परिचय, सेंटर पिन बाइंडिंग (मधल्या घडीवर पिना). छपाईला जाण्याआधी कागदाची घडी घालून हाताने पृष्ठांक टाका. १६ पानी पुस्तिकेत एका बाजूला शेजारी-शेजारी छापल्या जाणाऱ्या पृष्ठांची बेरीज नेहमी १७ येते: १ आणि १६, २ आणि १५. हे एकदा हाताने केलं की इम्पोझिशन (छपाईसाठी पृष्ठांची जुळवणी) या शब्दाची भीती जाते. वेळेचं मात्र सांभाळा. १९ सप्टेंबरला गणपती होते आणि त्याआधी पेठांमधले छोटे प्रेस मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल यांत बुडालेले होते. माझी पुस्तिका अनंत चतुर्दशीनंतरच छापून मिळाली.

ऑक्टोबरमध्ये मुख्य प्रकल्पाचा प्रस्ताव द्यायचा होता. मला केशवसुतांच्या निवडक कवितांचं पुस्तक करायचं होतं. कवितांवर माझं प्रेम होतंच, पण एक व्यावहारिक कारणही होतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. केशवसुत १९०५ साली गेले, म्हणजे परवानगीचा प्रश्न नव्हता. पण जपून: नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा यांचा हक्क वेगळा असतो. कवितेचा पाठ जुन्या आवृत्तीवरूनच घ्या.

प्रस्तावाच्या तीन प्रती, त्यावर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही, शिवाय वेळापत्रक आणि अंदाजे खर्च. पहिल्यांदा तो परत आला. पुस्तकाचा वाचक कोण आणि छपाई कोणत्या पद्धतीची, हे दोन मुद्दे हवे होते. ते घालून पुन्हा दिला, पण सही होईपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा असाच गेला. या काळात फार एकटं वाटतं. बाकीच्यांचे प्रकल्प दिसायला लागलेले असतात आणि आपल्याकडे फक्त कागदपत्रं असतात. हे सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.

जुनी आवृत्ती बघण्यासाठी ग्रंथालयाला महाविद्यालयाचं पत्र आणि बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचा दाखला) लागलं. बोनाफाइडला कार्यालयात अर्ज, नाममात्र शुल्क आणि दोन-तीन दिवस. पत्रावर "संदर्भासाठी पाहणे व छायाचित्रे घेणे" असं दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "पाहणे" असेल तर फोटो काढू देत नाहीत आणि सहीसाठी पुन्हा रांग. फ्लॅश चालत नाही, म्हणून सकाळी लवकर जाऊन खिडकीजवळचं टेबल धरावं. त्याच ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा १९७१चा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ बघायला मिळाला. तो घरी देत नाहीत, तिथेच बसून वही भरावी लागते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत देवनागरीचे शेकडो वेगवेगळे खिळे लागत, हे ऐकून माहीत होतं, पण त्या खिळ्यांचे तक्ते डोळ्यांसमोर आले तेव्हा ते जुळवणाऱ्या जुळाऱ्यांबद्दलचा माझा आदर शतपट वाढला.

पाठ हातात आल्यावर शुद्धलेखनाचा प्रश्न उभा राहिला, आणि या प्रश्नाने सगळा डिसेंबर घेतला. त्या काळच्या लेखनात न उच्चारलेले अनुस्वार भरपूर आहेत: तें, मीं, घरांत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते काढून टाकले. महामंडळाच्या नियमावलीत असंही म्हटलं आहे की केशवसुतपूर्वकालीन पद्य मुळाप्रमाणे छापावं आणि केशवसुतांपासून पुढचं लेखन नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे सीमारेषा बरोबर माझ्याच कवीवर आखलेली! ऱ्हस्व-दीर्घाला हात लावता येत नव्हता, कारण वृत्त मोडलं असतं. तशी सूट नियमही देतात. अनुस्वार काढले तर वृत्ताला धक्का लागत नाही. मग काढायचे की ठेवायचे?

मी ते ठेवले. "मीं" वरचा अनुस्वार वाचकाला तृतीया दाखवतो, आणि लांबलेल्या, उलटसुलट शब्दक्रमाच्या कवितेत त्याची मदत होते. सरांनी मान्यता दिली, पण आतल्या पानावर तसं निवेदन छापायचं या अटीवर. या निर्णयाची किंमत ओळींमधल्या जागेत मोजावी लागली. एकच कविता नव्या लेखनात मला अठरा पॉइंटाच्या ओळीत नीट बसत होती. जुन्या लेखनात मात्रा आणि अनुस्वार एकत्र आल्यामुळे वीसच्या खाली जाता येईना.

अक्षरजुळणीचं सांगते. अर्ध्या कविता मी स्वतः इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केल्या. परीक्षा आणि प्रकल्प एकत्र आल्यामुळे उरलेल्या बाहेर दिल्या, पानाला तीस रुपये. बाहेर देताना आधी विचारून घ्या की फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात) मिळणार का. अजूनही बरंच काम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होतं, आणि तो मजकूर बदलून घेताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्य चा र्य होतो. दऱ्या आणि दर्या यांत कवितेत केवढा फरक पडेल! शब्दतपासणीची सोय इथे उपयोगाची नाही, कारण जुन्या लेखनातला जवळजवळ प्रत्येक शब्द तिला चूक वाटतो. मुद्रितं (तपासणीसाठी छापलेली पानं) कागदावरच वाचावी लागली. आईने मोठ्याने वाचायचं आणि मी मूळ आवृत्तीच्या फोटोंवर बोट ठेवून अनुस्वार तपासायचे, अशा आमच्या रात्री गेल्या. मोठ्याने वाचल्यामुळे वृत्तातला खटका लगेच ऐकू येतो. कवितेच्या मुद्रितशोधनाला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

जानेवारीत मांडणी. कवितेचं पुस्तक म्हणून मनात छोटा, खिशात मावणारा आकार होता. पण शार्दूलविक्रीडित वृत्ताची ओळ एकोणीस अक्षरांची. तेरा पॉइंटात सर्वांत लांब ओळ नव्वद मिलिमीटरच्या पुढे जात होती. लहान आकारात ती मोडून खाली आणावी लागली असती. मोडायचीच वेळ आली तर यतीवर (ओळीतल्या विरामावर), म्हणजे बाराव्या अक्षरानंतर मोडावी, एवढं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पण एकसुद्धा ओळ मोडायची नाही असं ठरवलं आणि डेमी घेतला: साडेपाच बाय साडेआठ इंच. आतला समास वीस मिलिमीटर, कारण बांधणीत काही जागा जाते.

मग पानावर ओळी किती? बहुतेक कविता चार-चार ओळींच्या कडव्यांच्या. दोन कडव्यांत एक पूर्ण ओळ मोकळी ठेवली तर पाच कडव्यांना वीस ओळी आणि चार मोकळ्या, एकूण चोवीस. वीस पॉइंटाच्या चोवीस ओळी म्हणजे साधारण १६९ मिलिमीटर, आणि डेमीची उंची २१६. वर वीस आणि खाली सत्तावीस मिलिमीटर उरतात, खालच्या सत्तावीसमध्ये पृष्ठांक बसतो. कवितेच्या पहिल्या पानावर शीर्षकाला पाच ओळींची जागा दिली की खाली एकोणीस राहतात, म्हणजे बरोबर चार कडवी. कुठेही कडवं मधोमध तुटत नाही. हा हिशेब कागदावर जुळला ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. पानाचा आकडा कवितेनेच सांगितला होता, मी तो फक्त ऐकला होता.

कडव्यांमध्ये अर्धी ओळ सोडायचा मोह होतो, पान जास्त बांधेसूद दिसतं. पण मग समोरासमोरच्या पानांवरच्या ओळी एका रेषेत येत नाहीत, आणि पातळ कागदावर मागच्या पानाची शाई दोन ओळींच्या मधून डोकावते. पूर्ण ओळच सोडा.

फॉन्टसाठी मी तीन-चार पर्याय छापून बघितले. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता सुंदर आणि स्वच्छ आहे, पण या कवितांना मला जाड-बारीकपणा असलेलं, खिळ्यांच्या छपाईशी नातं सांगणारं वळण हवं होतं. शेवटी तिरो देवनागरी मराठी घेतला. तो जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टायपांवरून प्रेरणा घेऊन केलेला आहे, मराठी ल आणि श त्यात मुळातच आहेत, आणि परवाना मुक्त आहे. विद्यार्थ्यांनी परवान्याकडे नक्की बघावं. कुठून तरी मिळालेला फॉन्ट ज्युरीत (शेवटच्या परीक्षणात) अडचणीत आणू शकतो.

इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटलेल्या दिसतात. भाषा मराठी निवडा. आणि अक्षरांमधलं अंतर शून्यावरच राहू द्या. रोमनमध्ये ओळ दोन्हीकडून समान करताना अक्षरं किंचित फाकवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. फक्त शब्दांमधल्या अंतराला मोकळीक द्या. कविता मी डावीकडूनच लावल्या, त्यामुळे हा प्रश्न निवेदनापुरताच आला. सॉफ्टवेअरची वर्गणी परवडत नसेल तर स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी व्यवस्थित चालते.

फेब्रुवारीत कागद. नॅचरल शेड (किंचित पिवळसर), ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप). पांढऱ्याशुभ्र कागदावर काळी अक्षरं डोळ्यांना टोचतात, नॅचरल शेडवर ती शांत होतात. किरकोळ ताव विकणारं दुकान शोधायला थोडं फिरावं लागतं. २३ बाय ३६ इंची तावाचे साडेअकरा बाय अठराचे चार तुकडे होतात, एका तुकड्यावर दोन्ही बाजू मिळून डेमीची आठ पृष्ठं. माझं पुस्तक ११२ पृष्ठांचं, म्हणजे प्रतीला चौदा तुकडे. कापून घेताना कागदाच्या धाग्याची, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा बघा. ती पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी, नाहीतर पानं ताठ राहतात आणि पुस्तक उघडं ठेवलं तर आपोआप मिटतं. ज्या प्रेसमध्ये गेले तिथल्या काकांनी हे हातानेच शिकवलं. "अगं, दोन्हीकडून वाकवून बघ. जिकडे ऐकतोय तिकडे धागा." कणा किती जाड होईल हेही अंदाजाने ठरवायचं नाही. त्याच कागदाची कोरी डमी (नमुना प्रत) बांधून घेतली आणि मोजला, सहा मिलिमीटरच्या किंचित वर. मग मुखपृष्ठाची फाइल केली.

छपाई डिजिटल होती, पाच प्रती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम दिलं, तिसऱ्या आठवड्यात हातात आलं. मार्चअखेरीस सगळ्याच महाविद्यालयांची सबमिशन असतात, त्यामुळे बाइंडिंगवाल्याला फेब्रुवारीतच तारीख देऊन ठेवा. धाग्याची शिलाई आणि कापडी पुठ्ठा बांधणीला प्रतीला साडेतीनशे रुपये पडले, छपाईला अडीचशे-तीनशे. कागद, मधली मुद्रितं, टायपिंग, दोन डमी असं सगळं धरून खर्च सात हजारांच्या आत राहिला. परफेक्ट बाइंडिंग (शिलाईशिवाय, नुसत्या गोंदाचं) केलं असतं तर दीड हजार वाचले असते, पण कवितेचं पुस्तक एका हाताने उघडं धरता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं.

एप्रिलमध्ये ज्युरी. पुस्तकासोबत प्रक्रियेची फाइल द्यावी लागते: प्रस्ताव, ग्रंथालयाच्या पत्राची प्रत, सरावाची पानं, नाकारलेल्या मांडण्या, मुद्रितं. सुरुवातीपासून तारखा टाकून सगळं ठेवलं तर ही फाइल एका दिवसात होते. बाह्य परीक्षकांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "चोवीसच ओळी का?" मी कडव्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी पाच कडव्यांचं एक पान काढून बोटाने ओळी मोजल्या आणि पुढचा प्रश्न अनुस्वारांवर विचारला. तिथून आमचं बोलणं शुद्धलेखनावर गेलं आणि पुढच्या विद्यार्थिनीला बाहेर ताटकळावं लागलं.

पाचपैकी एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात आहे आणि फाइलही तिथेच. या वर्षी हा विषय घेणाऱ्यांनी ती मागून बघा, नाकारलेल्या मांडण्या खास करून. आणि प्रस्तावावरची सही दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या.